विषाची माहिती कोणाच्या मालकीची? भोपाळ आणि कंपन्यांच्या उत्तरदायित्वाचा इतिहास

जून २०२५ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, पीथमपूर येथील भट्टीत, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचऱ्याची शेवटची खेप जळून राख झाली. त्याच वर्षाच्या पहिल्या रात्री १२ बंदिस्त कंटेनरांतून, पोलीस बंदोबस्तात, सुमारे २५० किलोमीटर अंतर कापून हा कचरा तेथे नेण्यात आला होता. अनेकांना तो एका जुन्या प्रकरणाचा शेवट वाटला. परंतु जळाला तो केवळ गोळा करून पोत्यापिंपांत भरून ठेवलेला कचरा होता. कारखान्याच्या आवारातील सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने २०१० मध्येच मांडला होता. आसपासच्या वस्त्यांना नळाने शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला, कारण तेथील भूजल पिण्याजोगे राहिले नव्हते.

भोपाळच्या इतिहासाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते: मृतांची संख्या किती आणि भरपाई किती. दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र तिसरा प्रश्नही विचारायला हवा. त्या कारखान्यात जे रसायन साठवले होते, त्याविषयी कोणाला काय ठाऊक होते, आणि जे ठाऊक होते ते कोणाला सांगितले गेले? कंपन्यांच्या नैतिक व राजकीय जबाबदारीचा विचार या प्रश्नापासून सुरू केला, तर भोपाळची कथा वेगळी दिसू लागते.

युनियन कार्बाइडचा भोपाळ येथील कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. प्रारंभी तेथे तयार रसायनांचे मिश्रण करून कीटकनाशके बनवली जात. ‘सेव्हिन’ या नावाने विकले जाणारे कार्बारिल हे त्यांतील प्रमुख. ते बनवण्यासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट आरंभी अमेरिकेहून पिंपांतून येत असे. १९८० पासून ते भोपाळमध्येच तयार होऊ लागले.

येथे एक तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला. युनियन कार्बाइडच्या अमेरिकी कंपनीने मात्र भारतीय कंपनीतील ५०.९ टक्के हिस्सा कायम राखला. अशी सवलत ज्या निकषांवर मिळत असे, त्यांत प्रगत आणि विशेष स्वरूपाचे तंत्रज्ञान हा एक निकष होता. म्हणजे ‘हे रसायन आम्हाला कळते’ हीच बहुमताच्या मालकीची पात्रता ठरली. दुर्घटनेनंतर न्यूयॉर्कच्या न्यायालयात याच कंपनीने सांगितले की, भोपाळचा कारखाना भारतीय कंपनी चालवत होती आणि ती कंपनी स्वतंत्र होती. मे १९८६ मध्ये न्यायाधीश जॉन कीनन यांनी खटला अमेरिकेत चालवण्यास नकार दिला. ज्ञान नफ्यासाठी एका घरचे होते. दायित्वासाठी ते दुसऱ्या घरचे झाले.

मिथिल आयसोसायनेट हे रंगहीन द्रव असून सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळते. त्याची वाफ हवेच्या सुमारे दुप्पट जड असते, त्यामुळे ती आकाशात विरून न जाता जमिनीलगत पसरते. कामगारांसाठी हवेतील त्याची मान्य मर्यादा होती दहा लाख भागांत ०.०२ भाग, म्हणजे पाच कोटी भागांत एक भाग. पाण्याशी त्याची अभिक्रिया उष्णता देणारी असते. त्या उष्णतेने अभिक्रिया आणखी वेग घेते आणि कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होऊन टाकीतला दाब वाढत जातो. धातूचे, विशेषतः लोहाचे अंश टाकीत उतरले, तर मिथिल आयसोसायनेटचे रेणू परस्परांशीच जोडले जाऊ लागतात आणि त्यातून आणखी उष्णता बाहेर पडते. म्हणूनच हे द्रव शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावे, असे कंपनीच्याच सूचनापुस्तिकेत नमूद होते.

असे रसायन किती साठवावे? ब्रिटिश रसायन-अभियंते ट्रेव्हर क्लेट्झ यांनी १९७८ मध्ये एक साधा विचार मांडला होता: जे आपल्याजवळ नाही, त्याची गळती होऊ शकत नाही. धोक्याला आवर घालणारी उपकरणे बसवण्यापेक्षा मुळात धोकादायक साठाच कमी ठेवावा, असे त्याचे तात्पर्य. कार्बारिल बनवण्याचा दुसरा मार्गही ज्ञात होता. आल्फा-नॅप्थॉलची अभिक्रिया आधी फॉस्जीनशी आणि नंतर मिथिलअमाइनशी घडवून आणली, तर मधल्या पायरीवर मिथिल आयसोसायनेट लागतच नाही. फॉस्जीन स्वतः अतिविषारी आहे, त्यामुळे तो मार्गही निर्धोक नव्हे. तथापि, मिथिल आयसोसायनेटच्या प्रचंड साठ्याची गरज त्याने उरली नसती. भोपाळमध्ये तीन मोठ्या टाक्या होत्या आणि त्यांपैकी ई-६१० या एकाच टाकीत त्या रात्री सुमारे ४२ टन द्रव होते.

धोक्याच्या खुणा अचानक उमटल्या नाहीत. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनच्या गळतीत एका कामगाराचा मृत्यू झाला. मे १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच तज्ज्ञांनी सुरक्षा तपासणी केली आणि विषारी द्रव्य मोठ्या प्रमाणावर बाहेर पडण्याच्या शक्यतेसह अनेक त्रुटी दाखवून दिल्या. तो अहवाल कंपनीच्या अंतर्गत कागदांत राहिला. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या वस्त्यांपुढे तो कोणी ठेवला नाही. त्याच सुमारास भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी कामगारांकडून माहिती मिळवत होते आणि तांत्रिक पुस्तके वाचत होते. सप्टेंबर १९८२ पासून त्यांनी आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकातून शहराला एकामागून एक इशारे दिले. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तही त्यांनी पुन्हा लिहिले. शासनाने ते मनावर घेतले नाही. विधानसभेत प्रश्न आला तेव्हा मंत्रिमहोदयांच्या उत्तराचा आशय असा होता की, २५ कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा कारखाना म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवावा असा दगड नव्हे, आणि भोपाळला कोणताही धोका नाही.

सप्टेंबर १९८४ मध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या जेमतेम तीन महिने आधी, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या याच कंपनीच्या कारखान्याविषयी एक अंतर्गत अहवाल तयार झाला. मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत अभिक्रिया आटोक्याबाहेर जाऊ शकते, असा इशारा त्यात होता. तो भोपाळला कळवण्यात आला नव्हता. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याने तो उघड केला, तेव्हा जगाला त्याची माहिती झाली.

याच काळात भोपाळचा कारखाना तोट्यात होता आणि खर्चकपात चालू होती. मिथिल आयसोसायनेट विभागातील एका पाळीतील कामगारांची संख्या १२ वरून ६ वर आली. जून १९८४ मध्ये टाक्या थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद करण्यात आली. वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी नळी काढल्यामुळे निकामी होता. पाण्याचे फवारे गळतीच्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते. २ डिसेंबरच्या रात्री ई-६१० टाकीत पाणी शिरले. ते नळ्या धुताना शिरले की कोणी मुद्दाम सोडले, यावर कामगार आणि कंपनी यांच्यात दीर्घ वाद झाला. कंपनीने घातपाताची बाजू मांडली. पण ती क्षणभर खरी मानली, तरी ज्या कारखान्यात एका माणसाची एक कृती शहराचा घात करू शकते आणि ती थोपवणारा एकही अडसर शाबूत नसतो, त्या कारखान्याच्या व्यवस्थापनाचा प्रश्न तेथे संपत नाही.

मध्यरात्रीनंतर सुमारे दोन तासांत सुमारे ४० टन वायुरूप द्रव्य शहरावर पसरले. शहरासाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला आणि पुष्कळ उशिरा पुन्हा वाजू लागला. लोक जिवाच्या आकांताने धावत सुटले. धावताना श्वास खोल होतो आणि वायू अधिक आत जातो. तोंडावर ओले फडके धरा आणि वाऱ्याच्या दिशेने न धावता आडव्या दिशेला सरका, इतकी दोन वाक्ये आधी सांगितली गेली असती, तरी कित्येक जण वाचले असते. ही दोन वाक्ये म्हणजे कोणतेही व्यापारी गुपित नव्हते.

पहाटेपर्यंत हमीदिया रुग्णालय भरून गेले. तेथील डॉक्टरांसमोर हजारो रुग्ण होते; विष कोणते आहे आणि त्यावर उतारा काय, हे मात्र कोणी सांगत नव्हते. हा वायू अश्रुधुरासारखा डोळ्यांना झोंबतो, त्याने जीव जात नाही, असे कंपनीच्या बाजूने सांगितले गेले. मिथिल आयसोसायनेटच्या विषारीपणावर तोवर प्रसिद्ध झालेले संशोधन अत्यल्प होते. गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात मृतांचे रक्त लालभडक दिसले आणि सायनाइडची शंका आली. तसे असेल, तर सोडियम थायोसल्फेट हा जुना, स्वस्त आणि परिचित उतारा उपलब्ध होता. कंपनीकडून आलेल्या पहिल्या वैद्यकीय सूचनेत, सायनाइडची शंका असल्यास थायोसल्फेट द्यावे, असा उल्लेख होता; नंतर कंपनीने ती भूमिका मागे घेतली. सायनाइड सिद्ध झाले, तर दायित्व वाढते, हे यात सर्वांना कळत होते. पुढे १९८५ च्या प्रारंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नियंत्रित चाचणी केली. थायोसल्फेट दिलेल्या रुग्णांच्या लघवीतील थायोसायनेटचे प्रमाण वाढले आणि अनेकांना आरामही पडला. शास्त्रीय वाद पूर्ण मिटला नाही, परंतु उपचाराचे अमोल आठवडे त्या वादात निघून गेले.

भारतीय वैज्ञानिकांनी या काळात केलेले काम विद्यार्थ्यांनी आवर्जून अभ्यासावे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली १६ डिसेंबर १९८४ पासून उरलेल्या मिथिल आयसोसायनेटचे कीटकनाशकात रूपांतर करून ते निष्प्रभ करण्यात आले. त्या आठवड्यात लाखो लोक शहर सोडून गेले होते. टाकीच्या तळाशी उरलेल्या अवशेषांचे विश्लेषण करून त्या रात्रीच्या अभिक्रिया जुळवण्याचे कष्टाचे कामही याच वैज्ञानिकांनी केले आणि डिसेंबर १९८५ मध्ये अहवाल दिला. अनावश्यक मोठा साठा आणि त्रुटीपूर्ण रचना यांवर त्यात स्पष्ट बोट ठेवले आहे. थोडक्यात, कंपनीजवळ आधीपासून असायला हवे होते, ते ज्ञान शेकडो मृतदेहांच्या तपासणीतून आणि जळक्या टाकीच्या गाळातून सार्वजनिक पैशाने नव्याने मिळवावे लागले.

न्यायालयीन बाजू बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पुढाकाराने ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. सरकारची मूळ मागणी ३३० कोटी डॉलरची होती. बहुसंख्य जखमींच्या हाती आरंभी प्रत्येकी २५ हजार रुपये आणि २००४ नंतर जवळपास तितकीच आणखी रक्कम आली. जून २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. भरपाई वाढवून मिळावी, यासाठीची सरकारची सुधार याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. २००६ मध्ये मध्य प्रदेश सरकारने सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात इजा झालेल्यांची संख्या ५,५८,१२५ अशी नोंदली आहे.

याच्या जोडीला घडलेला कायद्याचा दुसरा इतिहास तुलनेने कमी सांगितला जातो. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले: घातक उद्योग करणाऱ्याला, त्याने कितीही काळजी घेतली असली तरी, हानीची भरपाई कोणत्याही अपवादाविना द्यावी लागेल. इंग्लंडच्या न्यायालयांनी १८६८ मध्ये घालून दिलेल्या नियमात जे अपवाद होते, ते या निकालाने नाकारले. त्यामागचे एक कारण आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. धोका ओळखण्याची, तो टाळण्याची आणि त्याची पूर्वसूचना देण्याची साधने केवळ उद्योगाजवळच असतात, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजेच ज्याला माहीत असते किंवा माहीत करून घेता येते, त्याच्यावर भार.

संसदेनेही हीच दिशा धरली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि परिसरातील जनतेला देणे बंधनकारक ठरले; संकट समोर दिसत असेल, तर तसे सांगण्याचा हक्क कामगारांना मिळाला. अमेरिकेतही भोपाळनंतर, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये त्यांच्याच वेस्ट व्हर्जिनियातील कारखान्यात गळती झाल्यानंतर, १९८६ मध्ये समाजाच्या जाणण्याच्या हक्काचा कायदा संमत झाला. भोपाळच्या वस्त्यांनी न सांगता जे भोगले, त्यातून जगाला जाणण्याचा हक्क मिळाला.

आता मूळ तात्त्विक प्रश्नाकडे वळू. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये असे मत मांडले होते की, समाजाने घालून दिलेले नियम पाळून नफा वाढवणे एवढीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय. युक्तिवाद नीटस आहे. त्यात एक गृहीतक मात्र लपलेले आहे: नियम करणाऱ्याला काय नियमबद्ध करायचे, हे ठाऊक असते. रसायन नवे, कारखाना गुंतागुंतीचा आणि निरीक्षक मोजके अशा स्थितीत शासनाला धोका कळतो, तो कंपनी सांगेल तेवढाच. खेळाडूच पंचाला नियम समजावून सांगत असेल, तर ‘नियमांनुसार खेळलो’ या बचावाला फारसे वजन उरत नाही. म्हणून माहिती खुली करणे ही नफ्याबाहेरची परोपकारी कृती ठरत नाही. नियमांना अर्थ यावा, यासाठीची ती पूर्वअट आहे, आणि म्हणूनच ती राजकीय जबाबदारीही आहे.

दोष केवळ कंपनीचा होता, असे म्हणणे मात्र इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. भारतीय वित्तसंस्थांचे भाग या कंपनीत होते, परवाने राज्याने दिले होते आणि विधानसभेत धोका नाकारणारे शासनच होते. भविष्यातील रुग्णांच्या उपयोगाची वैद्यकीय संशोधनेही दीर्घकाळ सर्वांसाठी खुली झाली नाहीत. माहिती दडवण्याची सवय खासगी आणि सरकारी अशा दोन्ही दालनांत रुजते.

हा इतिहास जुना झाला, असे वाटत असेल, तर ७ मे २०२० ची पहाट आठवावी. टाळेबंदीनंतर कारखाना पुन्हा सुरू होण्याच्या काळात विशाखापट्टणमजवळ एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरिनची वाफ सुटली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. रसायन वेगळे होते, पण कथा ओळखीची होती: थंड ठेवायला हवे असलेले द्रव, टाकीत आपोआप सुरू झालेली उष्णतादायी अभिक्रिया आणि अपुरी देखरेख. कारखान्यात भोंग्याची सोय होती, पण ती वापरली गेली नाही, असे राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने नोंदवले.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून शाळा, तळी आणि दवाखाने उभे राहतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या दोन टक्क्यांनी उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे प्रश्न सुटत नाहीत. टाकी किती मोठी, भोंगा कोणासाठी, तपासणी अहवाल कोणाच्या कपाटात, या प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या मुख्य व्यवसायात असतात.

गांधीजींनी धनिकांना संपत्तीचे विश्वस्त होण्यास सांगितले होते. रसायनांच्या युगात हा विचार ज्ञानालाही लावावा लागेल. घातक पदार्थाविषयीचे ज्ञान ज्याच्याजवळ आहे, तो त्याचा मालक असेल, पण त्या ज्ञानावर ज्यांचे प्राण अवलंबून आहेत, त्यांचा तो विश्वस्तही असतो. आज रसायनशास्त्र वा अभियांत्रिकी शिकणाऱ्यांपैकी काही जण उद्या अशाच कारखान्यांत अधिकारी होतील, काही निरीक्षक होतील, काही पत्रकार. टाकीचे तापमान वाढल्याचे त्यांना कळेल, तेव्हा भिंतीपलीकडच्या वस्तीलाही ते कळेल ना, एवढा एक प्रश्न त्यांनी कामाच्या पहिल्याच दिवशी विचारावा.